न दिसणारं दार: घामातलं मीठ आणि पटकीचं पाणी



आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कुठल्या आजारावर काय औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला बोलायचं आहे ते एका वस्तूच्या इतिहासाबद्दल. ही वस्तू म्हणजे आपल्या शरीरातल्या पेशींच्या आवरणात असलेलं एक दार. शास्त्रज्ञ अशा दाराला आयन चॅनेल म्हणतात. ते इतकं लहान आहे की शाळा-कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून कधीही दिसणार नाही. आणि तरी, कुणाच्याही नजरेला पडण्याच्या कितीतरी आधी माणसं म्हणत होती की असं दार असलंच पाहिजे.

इथे आमच्या विषयाचा माणूस कान टवकारतो. जी गोष्ट दिसत नाही तिला ‘आहे’ कधी म्हणावं आणि ‘नाही’ कधी म्हणावं, हा आमच्याकडचा फार जुना प्रश्न. न्यायशास्त्र शिकवताना आम्ही पर्वतावरचा धूर दाखवतो आणि अग्नीचं अनुमान करतो. वर्गात मुलं जांभया देतात, कारण त्या डोंगरावर आग असली काय नि नसली काय, कुणाचं काही अडत नाही. आज मी जे उदाहरण घेणार आहे त्यात लहान मुलांचे जीव अडकले होते, आणि अजूनही अडकलेले आहेत.

सुरुवात एका लोकसमजुतीपासून करू. युरोपात, विशेषतः जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात, असं मानत की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतल्यावर ओठांना खारट चव लागते, ते बाळ चेटकाने धरलेलं आहे आणि फार दिवस जगणार नाही. आता चेटूक बाजूला ठेवा. उरतं काय? एक निरीक्षण: खारट कातडी, आणि त्यापाठोपाठ मृत्यू. हे निरीक्षण बरोबर होतं. आयाबायांना धूर दिसला होता. अग्नी कुठे आहे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

१९३८ साली न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात डोरोथी अँडरसन या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं काम शवविच्छेदनाचं. काही मुलं पोट फुगून, चिकट मळाचे जुलाब होऊन, सुकत सुकत जायची. निदान व्हायचं सीलिॲक या आतड्याच्या विकाराचं. अँडरसनबाईंना अशा मुलांच्या स्वादुपिंडात वेगळंच काही दिसलं: नळ्या घट्ट स्रावाने बुजलेल्या, मधेमधे द्रवाने भरलेल्या पोकळ्या, आणि मूळ ग्रंथीच्या जागी निबर तंतू. त्या दिसण्यावरून आजाराला नाव मिळालं, सिस्टिक फायब्रोसिस. पोकळ्यांचा आणि तंतूंचा आजार.

कारण काय असावं? अँडरसनबाईंना वाटलं, अ जीवनसत्त्वाची कमतरता. हा तर्क वेडगळ नव्हता. या मुलांमध्ये ती कमतरता खरोखरच सापडत होती. पण पुढे कळलं की क्रम उलटा आहे. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पोचत नाहीत, म्हणून चरबी पचत नाही, आणि चरबीत विरघळणारं अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. कारण समजून ज्याला पकडलं, ते कार्य निघालं. दोन गोष्टी नेहमी बरोबर दिसतात म्हणून त्यातली एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे वाक्य तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं. पण समोर मूल मरत असताना तो धडा पाळणं किती अवघड असतं, ते अशा वेळी कळतं.

मग आला १९४८ चा उन्हाळा. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि उन्हाने कोसळलेली मुलं रुग्णालयात येऊ लागली. त्यांच्यात सिस्टिक फायब्रोसिस असलेली मुलं अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत, हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्याच रुग्णालयात पॉल दी सांत आन्येसे नावाचे इटालियन वंशाचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, ही मुलंच का कोसळतात? घामातून काही जादा जातंय का? त्यांनी घाम तपासला, आणि १९५३ साली दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, भलतंच जास्त असतं. लोकसमजुतीतलं खारट कपाळ प्रयोगशाळेत आलं ते असं.

घाम तपासायचा तर तो आधी काढायला हवा, आणि सुरुवातीच्या पद्धती मुलांना धोक्याच्या होत्या. १९५९ साली गिब्सन आणि कुक यांनी एक सोपी रीत काढली: हातावर औषध लावायचं, अगदी सौम्य वीजप्रवाहाने ते कातडीत उतरवायचं आणि तेवढ्याच जागेचा घाम गोळा करायचा. आजही निदानासाठी हीच चाचणी मुख्य मानतात. घामात लिटरमागे क्लोराइड ३० मिलिमोलपेक्षा कमी असेल तर हा आजार संभवत नाही असं धरतात, आणि ६० किंवा जास्त असेल तर तो आहे असं बहुतेक ठरतं.

आता गंमत पाहा. मुलं मरतात ती फुप्फुसं कफाने भरून, जंतुसंसर्गाने. सुकतात ती स्वादुपिंड बुजल्यामुळे. आणि पत्ता लागतो घामात, जिथे या आजारात काहीही बुजलेलं नसतं! फुप्फुसात पाणी कमी पडतं, घामात मीठ जास्त होतं. या दोहोंत समान असं काय? तीस वर्षं हे कोडं सुटलं नाही. ते सुटायला दुसरीकडे एक वेगळाच इतिहास घडत होता, त्याच्याकडे वळू.

मीठ पाण्यात टाकलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. दोघांवर विरुद्ध विद्युतभार असतो. अशा भारित कणांना आयन म्हणतात. पेशीचं आवरण स्निग्ध, तेलकट असतं, आणि भारित कण तेलातून जात नाही. पण आयन पेशीच्या आत-बाहेर जातात हे तर उघड आहे, नाहीतर आपलं हृदय धडधडलं नसतं आणि बोटही हललं नसतं. १९०२ साली ज्युलियस बर्नस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं की आवरण निवड करतं. पोटॅशियमला वाट देतं, इतरांना देत नाही. वाट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पुढचं मोठं पाऊल इंग्लंडमध्ये पडलं. आपल्या कोकणात जिला माकूळ म्हणतात, त्या स्क्विडच्या अंगात एक अतिजाड मज्जातंतू असतो, साध्या डोळ्यांना दिसेल इतका. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या दोघांनी १९३९ साली प्लिमथला त्या तंतूच्या आत विद्युत्‌वाहक तार घातली. मग महायुद्ध आलं आणि काम थांबलं. १९५२ साली त्यांचे प्रसिद्ध निबंध आले. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियम कसं आत येतं, पोटॅशियम कसं बाहेर जातं, याची समीकरणं त्यांत आहेत. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता, तेव्हा हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. उत्तर प्रयोगाशी सुरेख जुळलं.

या निबंधातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आवरणात अमुक प्रकारची यंत्रणा असावी, असं एक चित्र या दोघांच्या मनात होतं. समीकरणं जुळली तेव्हा त्यांना सहज म्हणता आलं असतं, बघा, आमचं चित्र खरं ठरलं. त्यांनी उलट बजावलं की समीकरणं जुळतात हा आमच्या चित्राचा पुरावा मानू नका, दुसऱ्या यंत्रणेतूनही अशीच समीकरणं निघू शकतील. आमचे नैयायिक याला उपाधीचा विचार म्हणतात. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे बरोबर नाही, त्याला ओलं लाकूड लागतं. आपण हेतू म्हणून जे धरलं, त्यात असं एखादं ओलं लाकूड दडलेलं आहे का, हे स्वतःहून तपासणारा माणूस विरळा. या कामाला १९६३ साली नोबेल मिळालं, पण मला ते बजावणं जास्त आवडतं.

दार आहे याची खूण पटली ती १९७६ साली, जर्मनीत गटिंगेनला. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या अतिबारीक नळीचं टोक बेडकाच्या स्नायूपेशीवर टेकवलं, म्हणजे आवरणाचा इवलासा तुकडा वेगळा काढल्यासारखं झालं. त्यातून वाहणारा प्रवाह त्यांनी मोजला. हा प्रवाह अँपियरच्या लाख-कोटीव्या भागात मोजायचा, इतका क्षीण. पण तो हळूहळू चढत-उतरत नव्हता. एकदम सुरू, एकदम बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पायऱ्या असाव्यात तसा आलेख. हे एका दाराचं उघडणं आणि मिटणं होतं. दार दिसलं का? नाही. पण त्याच्या कडीचा आवाज ऐकू आला. १९९१ साली या दोघांना नोबेल मिळालं.

आता घामाकडे परत येऊ. घामाच्या ग्रंथीचे दोन भाग असतात. तळाशी एक वेटोळं, तिथे घाम तयार होतो तेव्हा तो जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. मग तो एका नळीतून कातडीकडे वर येतो, आणि येता येता नळीची भिंत त्यातलं मीठ परत आत घेते. शरीराची ही काटकसर आहे. म्हणून निरोगी माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. पॉल क्विंटन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने या चिमुकल्या नळ्या वेगळ्या काढून त्यांच्यावर प्रयोग केले, आणि १९८३ साली दाखवलं की सिस्टिक फायब्रोसिसमध्ये नळीची भिंत क्लोराइडला वाटच देत नाही. क्लोराइड अडलं की सोडियमही अडतं, आणि सगळं मीठ घामाबरोबर बाहेर येतं.

हे क्विंटन स्वतः या आजाराचे रुग्ण आहेत. ज्ञाता आणि ज्ञेय एकाच कातडीत. यावर पुष्कळ गूढ बोलता येईल, पण मी साधी गोष्ट सांगतो. फुप्फुसं आणि स्वादुपिंड या आजारात इतकी नासलेली असतात की मूळ बिघाड कुठला आणि त्यातून उद्भवलेले बिघाड कुठले, हे वेगळं काढता येत नाही. घामाची ग्रंथी धड असते. तिच्यात फक्त मूळ बिघाड तेवढा असतो. म्हणून प्रश्न विचारायला तीच जागा योग्य. जिथे दुखतं तिथेच कारण नीट दिसेल असं नाही.

आणि कोडंही सुटलं. दार एकच, वाहतूक उलट. घामाच्या नळीत त्या दारातून क्लोराइड आत यायचं असतं. ते आलं नाही की घाम खारट. श्वासनलिकेत आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांत त्या दारातून क्लोराइड बाहेर सोडायचं असतं, म्हणजे त्यामागे पाणी जातं आणि स्राव पातळ राहतो. ते गेलं नाही की स्राव घट्ट होऊन वाट बुजते.

१९८९ च्या सप्टेंबरमध्ये या दाराचं जनुक सापडलं. टोरांटोचे लाप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन, आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स, यांच्या गटांनी ते सातव्या गुणसूत्रावर शोधून काढलं. त्यावरून जे प्रथिन बनतं त्यात १४८० अमिनो आम्लांची साखळी असते. सर्वांत जास्त आढळणारा दोष काय? जनुकातली तीन अक्षरं गळालेली, त्यामुळे साखळीतला ५०८ क्रमांकाचा एकच मणी नाही. एवढंच. आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. एकाच प्रतीत दोष असलेला माणूस ठणठणीत असतो.

शोधकांनी प्रथिनाला जे नाव दिलं, त्याचा संक्षेप सीएफटीआर. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ ‘नियामक’. दार नव्हे, दारावर देखरेख करणारा. असं का? कारण हे प्रथिन दिसायला पंपांच्या घराण्यातलं होतं. ते स्वतःच वाट आहे की वाटेवरचा रखवालदार, हे ठाऊक नव्हतं, आणि नाव ठेवताना त्यांनी तेवढंच म्हटलं जेवढं म्हणता येत होतं.

आमच्याकडे यासाठी एक झकास दृष्टांत आहे. कुंभार मडकं करतो तेव्हा माती गाढवावरून येते. मडकं होण्याआधी गाढव हजर असतं. म्हणून गाढव हे मडक्याचं कारण का? नाही. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात: हजर असतं, पण कारण नसतं. मग सीएफटीआर हे दार की गाढव? १९९१ साली मायकेल वेल्श यांच्या गटाने याचा निकाल लावला. त्यांनी प्रथिनातले काही मणी मुद्दाम बदलले, आणि कोणत्या आयनाला किती वाट मिळते ती पसंतीच बदलली. रखवालदाराचा डगला बदलून दाराची रुंदी बदलत नाही. चौकट बदलली तरच वाट बदलते. तेव्हा हे प्रथिन स्वतःच दार. पुढे २०१७ च्या सुमारास शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी सीएफटीआरची आकृतीही मिळाली. बर्नस्टाइनपासून मोजलं तर ११५ वर्षांनी.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, सर, हा गोऱ्या लोकांचा आजार, आपला काय संबंध? दोन संबंध आहेत. पहिला आहे पटकीचा.

पटकी, म्हणजे कॉलरा. गावोगाव वेशीवर मरीआईची ठाणी आहेत ती कशाच्या भीतीने, हे वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत आणि इतर जत्रांत या साथीने माणसं पटापट गेली. या आजारात माणूस तासातासाला लिटरच्या हिशेबाने पाणी गमावतो आणि सुकून मरतो. जंतू आतड्याची भिंत फाडत असेल, असा समज बराच काळ होता. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला निव्वळ द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातला, आणि तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला. म्हणजे जंतू नाही, त्याचं विष हे काम करतं. पुढे कळलं की आतड्याचं अस्तर शाबूत असतं. विष पेशीत एक निरोप पोचवतं, आणि त्या निरोपाने एक दार उघडंच राहतं. क्लोराइड बाहेर वाहू लागतं आणि त्यामागे पाणी.

कुठलं दार? तेच. सीएफटीआर. ते बंद राहिलं तर सिस्टिक फायब्रोसिस, उघडं राहिलं तर पटकी. १९९४ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. ज्या उंदरांत हे दारच नव्हतं, त्यांच्या आतड्यात पटकीचं विष घालूनही पाणी सुटलं नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पुरे झाले: दार आहे तर पाणी, दार नाही तर पाणी नाही.

यातून लगेच एक मोहक कल्पना निघाली. ज्यांच्याकडे सदोष प्रत एकच आहे ते पटकीपासून बचावत असतील, म्हणूनच हा दोष युरोपात इतका टिकला असेल! कल्पना छान आहे, पण जरा थांबा. पटकीची साथ युरोपात पोचली एकोणिसाव्या शतकात. हा दोष त्याहून कितीतरी जुना. आणि पटकीनेच तो वाढवला म्हणायचं तर तो सर्वांत जास्त बंगालमध्ये सापडायला हवा होता. तसं नाही. गोष्ट सुंदर आहे म्हणून ती खरी ठरत नाही.

पण पटकीच्या कथेतली खरी शिकवण पुढेच आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावला आले आणि पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. दिलीप महालनवीस या डॉक्टरांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करून घेतली. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. नातेवाइकांनीच ते रुग्णाला पाजायचं. छावणीतल्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हीच आपली जलसंजीवनी.

आता नीट पाहा. १९७१ साली सीएफटीआरचं नावही कुणाला माहीत नव्हतं. जे दार उघडं राहिलं होतं ते कुणी बंद केलं नाही. मग माणसं वाचली कशी? आतड्यात दुसरं एक दार आहे. ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीने आत घेतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे ते मांडलं होतं. पटकीचं विष त्याला हात लावत नाही. त्या दाराने मीठ आत गेलं की मागोमाग पाणी आत. एका दाराने गळती चालूच, पण दुसऱ्या दाराने भरती. तेव्हा जलसंजीवनीला ज्ञान लागलं नाही असं नव्हे. लागलं, पण ते आजाराच्या कारणाचं नव्हतं, शरीराच्या शाबूत असलेल्या भागाचं होतं.

याच्या उलट १९८९ नंतरची गोष्ट. जनुक सापडलं तेव्हा वाटलं, आता उपचार उंबरठ्यावर आला. जनुक दुरुस्त करून घालण्याचे प्रयोग १९९३ पासून झाले, पण त्यांतून चालणारं औषध निघालं नाही. दार थेट उघडणारं पहिलं औषध, आयव्हाकाफ्टर, अमेरिकेत मंजूर झालं २०१२ च्या जानेवारीत. म्हणजे २३ वर्षांनी, आणि तेही ज्या दोषासाठी होतं तो दोष शंभरातल्या चार-पाच रुग्णांत असलेला. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात दार बनतं, पण त्याची घडी चुकते, आणि पेशी ते वाकडं दार कारखान्यातच मोडून टाकते. त्यासाठी तीन औषधांची जोडगोळी लागली: दोन घडी सुधारणारी, एक दार उघडं धरणारं. ती आली २०१९ मध्ये. जी पोरं पूर्वी शाळेचं तोंड बघत नव्हती, त्यांच्यासारखी मुलं आज पुढे कॉलेजात जातात, लग्न करतात, म्हातारपणाची तरतूद करतात. हे त्या न दिसणाऱ्या दारावर शंभर वर्षं विश्वास ठेवण्याचं फळ आहे.

पण अमेरिकेत या औषधाची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. आपल्या हिशेबात दोन कोटींच्या वर, दरवर्षी, जन्मभर. कारण कळणं, उपाय सापडणं आणि तो उपाय रुग्णापर्यंत पोचणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जलसंजीवनीच्या पाकिटाला काही रुपये पडतात. एकच दार, पण त्याच्या दोन बिघाडांवरच्या उपायांत एवढी तफावत. हा फरक दाराच्या रचनेतून आलेला नाही, तो आपल्या व्यवस्थेतून आलेला आहे. म्हणून काही देशांतल्या रुग्णांनी औषध इतरांनाही बनवू द्यावं, सक्तीचा परवाना द्यावा, अशी मागणी केली.

आता दुसरा संबंध, आणि मला मुख्यतः तोच सांगायचा होता. ‘हा आजार आपल्याकडे नाही’ असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. कशावरून? दिसत नाही म्हणून. मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे प्रमाण मानतात. वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं कळतं, हे त्यांना मान्य आहे. पण त्यांची एक अट आहे, योग्यतेची. खोलीत उजेड हवा, डोळे धड हवेत, आणि वस्तू असती तर दिसली असती अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून ‘इथे घडा नाही’ म्हणण्याचा हक्क कुणाला नाही.

आपली खोली अंधारी होती. घामाची चाचणी मोजक्याच मोठ्या शहरांत होते. मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, खाऊन-पिऊन वजन वाढत नाही, मळ तेलकट असतो. आपल्याकडे अशा मुलाला क्षय म्हणतात, कुपोषण म्हणतात, आणि दोन्ही इतकी सर्रास आहेत की पुढे कुणी विचारत नाही. ‘हा गोऱ्यांचा आजार’ म्हणून चाचणी करायची नाही, आणि चाचणी नाही म्हणून रुग्ण सापडत नाहीत, आणि रुग्ण सापडत नाहीत म्हणून हा गोऱ्यांचा आजार! याला आम्ही चक्रक म्हणतो. प्रत्यक्षात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय मुलांतल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि दिल्लीच्या एम्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी पुढे यावर बरंच काम केलं. त्यातून हेही दिसलं की ५०८ क्रमांकाचा मणी गळण्याचा दोष युरोपात जितका आढळतो, तितका आपल्याकडे आढळत नाही. आपल्याकडे इतर दोषांचा वाटा मोठा आहे. म्हणजे तिकडची तयार जनुक-चाचणी इकडे आणली तर ती काही रुग्णांना ‘तुला काही नाही’ म्हणून परत पाठवील. दिवा लावला, पण दुसऱ्याच कोपऱ्यात.

घाम मात्र भेद करत नाही. दोष कुठलाही असो, दार बंद असलं की बहुतेक वेळा घाम खारट असतो. म्हणून जेव्हा एखादी आई म्हणते, ‘याची कातडी खारट लागते हो, अंगावर मिठाचे पांढरे डाग पडतात,’ तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये. ती प्रत्यक्ष प्रमाण देत असते. त्या जुन्या युरोपातल्या बायांना जे दिसलं तेच तिला दिसतंय, आणि आज त्यापुढचा रस्ता माहीत आहे. खारट कातडी म्हणजे आजार असेलच असं नाही, उन्हाळ्यात आपण सगळेच खारट असतो. पण वारंवारचा न्यूमोनिया आणि न वाढणारं वजन सोबत असेल, तर घामाच्या चाचणीची विचारणा डॉक्टरांकडे जरूर करावी.

शास्त्रज्ञांनी न दिसणाऱ्या दाराला ‘आहे’ म्हटलं, ते पायरीपायरीने, प्रत्येक पायरीवर आपल्या पुराव्याची मर्यादा सांगून. आणि आपण एका आजाराला ‘नाही’ म्हटलं, ते कुठलीही अट न तपासता. ‘आहे’ म्हणायला जेवढी काळजी लागते, तेवढीच ‘नाही’ म्हणायलाही लागते, आणि दवाखान्यात ‘नाही’ची चूक मुलाला भोगावी लागते.

एवढं बोलून थांबतो. श्रोत्यांत डॉक्टर मंडळी असतील, जिल्ह्याच्या ठिकाणी घामाची चाचणी कशी सुरू करता येईल यावर त्यांचं म्हणणं ऐकायला मला आवडेल. प्रश्न असतील तर विचारा.